चार बोटं उघडी दुमड

चाचीनं शिवलेला झंपर कोरेगावात कुठूनही ओळखू यायचा. एक खांदा जरा वर, दुसरा जरा खाली, आणि खालच्या काठाची दुमड सगळीकडून शिवत येऊन शेवटी चार बोटं उघडीच. खांद्यांचं खापर लोक घालणारीच्या अंगावर फोडायचे. बाईला सरळ उभं राहता येत नाही म्हणायचे. उघडी दुमड मात्र सगळ्या गावाच्या अंगवळणी पडलेली होती. झंपर घरी आणायचा, सुईत दोरा ओवायचा आणि राहिलेली चार बोटं आपली आपण घालून घ्यायची. आमच्या घरी हे काम आईचं. झंपर हातात पडला की ती बघायच्या आधीच सुई शोधायला लागायची.

ती चार बोटं चाची का ठेवते, हे विचारलं की एकच उत्तर मिळायचं. “काम पुरं झालं न्हाई अजून. एक तुकडा ऱ्हायलाय.”

कुठला तुकडा, कशाचा, झंपर तर पुरा दिसतोय, असं पुढं विचारणारा माणूस हमखास गोंधळून घरी जायचा. मीही त्यातलीच. इतकी वर्षं झाली, पण चाची मला पुरती कळली असं मी आजही छातीवर हात ठेवून म्हणणार नाही.

चाची म्हणजे आमच्या आळीच्या टोकाला राहणाऱ्या खलिफाची बायको. खलिफा शिंपी होता, हाताचा उस्ताद. त्याला नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही आणि तिला तर नाहीच. दोघांना मूल नव्हतं. उन्हाळ्यात खलिफा पाचगणीला जायचा, तिथल्या बंगल्यातल्या मडमांचे कपडे शिवायचा आणि पावसाच्या तोंडाला परत यायचा. दुसरी मोठी लढाई सुरू झाली तशी एक मडम बाडबिस्तरा आवरून विलायतेला निघाली. जाताना तिनं खलिफाला एक लिफाफा देऊन टाकला. लिफाफ्यावर पुढून बटणांचा झंपर घातलेल्या एका गोऱ्या बाईचं चित्र होतं आणि आत कापड बेतायचे कागद होते.

ते कागद मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला हसूच आलं. कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ, तपकिरी रंगाचे. पाठीचा एक, पुढचा एक, बाहीचा एक, कॉलरचा एक. त्यांच्यावर ना अक्षर, ना आकडा, ना साधी रेघ. नुसती भोकं. काही मोठी, काही बारीक, आणि कडेला कुठंकुठं खाचा. लिफाफ्यात ते कागद कसे वापरायचे हे सांगणारा एखादा छापील कागद असणार, पण तो मडमेकडंच कुठंतरी गहाळ झालेला होता. मी तेव्हा नुकतीच व्हर्नाक्युलर फायनल पास झाले होते आणि वाचायला येतं याचा मला फार तोरा होता. चाचीच्या घरात पहिल्या दिवशीच तो उतरला. वाचायला काही नव्हतंच.

मला तिच्याकडं घातलं ते सांगलीच्या एका स्थळाकडून “मुलीला शिवण येतं का” अशी चौकशी आली म्हणून. आईनं “येतं की” असं ठोकून दिलं होतं. खोटं खरं करायची जबाबदारी माझ्यावर आली.

चाचीच्या शिकवणीचे नियम जगावेगळे होते. दाराशीच ती हात तपासायची. “धुतलं? पुसलं? पुन्हा पूस.” कागद ओला झाला की संपलाच. ज्याला पडसं झालंय त्यानं उंबऱ्याच्या आत यायचं नाही. ऐन वैशाखात दार-खिडकी लावून आम्ही तीन-चार मुली घामानं निथळत बसायचो, कारण वाऱ्याची झुळूक आली की कागद उडणार. उंदरांच्या भयानं लिफाफा शिंक्यात टांगलेला असायचा. दुधा-दह्याची भांडी खाली जमिनीवर आणि कागद वर शिंक्यात. आमच्या आळीतल्या मांजरांचं तिच्या घरी चांगलं चालायचं.

कागद कापडावर मांडला की ती आमचे डोळे मिटायला लावायची आणि भोकांवरून बोट फिरवायला सांगायची.

“काय म्हनतंय?”

“तीन भोकं, जवळजवळ.”

“त्ये मी बी बघतीया. म्हनतंय काय?”

“कापडाच्या घडीवर ठेवा म्हनतंय.”

“हां. आन् ह्ये लांब लांब दोन?”

“कापडाच्या उभ्या धाग्यावर.”

“आन् खाच?”

“खाचेला खाच मिळवा.”

हे सगळं तिला खलिफानं शिकवलेलं होतं. लढाईच्या पहिल्या वर्षातच तो पलटणीचा दर्जी म्हणून भरती झाला. निघायच्या आधीच्या आठवड्यात त्यानं हातमशीन तिच्यासाठी घरी ठेवलं आणि एकेक कागद तिच्यापुढं मांडून भोकांचा अर्थ सांगितला. त्याआधी चाचीनं गोधडीपलीकडं काही शिवलेलं नव्हतं. ती जे शिकली ते त्या कागदांवर शिकली, त्यामुळं कागदाबाहेरचं शिवणच तिला मान्य नव्हतं. “कागद हाय तर कापड हाय,” हे तिचं ब्रीद. प्रत्येक कागदाचं कापड कापायचं, आणि कापलेला प्रत्येक तुकडा जोडायचा. त्यात इकडचं तिकडं नाही.

एकदा उंब्रजला दिलेली एक पाटलीण माहेरपणाला आली होती. अंगानं चांगली भरलेली. तिनं हौसेनं चाचीकडं झंपर टाकला. घालून पाहते तर पुढची दोन टोकं एकमेकांची तोंडं बघायला तयार नाहीत.

“चाची, बटणं लागंनात की गं.”

“कागदापरमानं बराबर हाय.”

“आगं, पर माझ्या अंगापरमानं न्हाई त्ये!”

“मग चूक कुनाची? कागद काय जेवतोय व्हय?”

आम्ही मुली तोंडात पदर कोंबून बसलो. पाटलीण मोठ्या मनाची, तीही हसली आणि झंपर तिनं धाकट्या जावेला देऊन टाकला. चाचीच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं. पाटलीण एवढी का हसतेय तेच तिला उमगलं नव्हतं.

आता त्या राहिलेल्या तुकड्याकडं येते. लिफाफ्यात आणखी एक कागद होता. दीड वीत लांब, दोन बोटं रुंद पट्टी, आणि तिच्यावर मधोमध एका ओळीत समान अंतरावर भोकं. ही पट्टी खलिफानं शिकवलेल्या कुठल्याच नियमात बसेना. घडीची भोकं तीन असतात, ही जास्त. उभ्या धाग्याची लांब लांब असतात, ही जवळ. कडेला खाच नाही, म्हणजे कशाला जोडायची तेही कळत नाही.

ती पट्टी त्या आठवड्यात शिकायची राहूनच गेली. खलिफाच्या जाण्याच्या दिवशी ती चाचीच्या ध्यानात आली. तो पुढं गेला होता, ही पदराखाली कागद धरून स्टेशनावर पोचली तेव्हा तो डब्याच्या पायरीवर उभा होता. आजूबाजूला निरोप द्यायला आलेल्या आया-बायका रडत होत्या आणि चाचीनं गर्दीत घुसून पट्टी वर केली. “ह्यो तुकडा कुठला?”

गाडी हलली. खलिफानं पट्टीकडं पाहिलं आणि म्हणाला, “आल्यावर सांगतो.”

एवढं बोलणं. ते तिनं आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं की, मीच स्टेशनावर होते असं मला वाटायला लागलं होतं.

मग आमचे तर्क सुरू झाले. एक मुलगी म्हणाली, कमरेचा पट्टा असेल. चाचीनं कंट्रोलवर मोजून मिळणाऱ्या कापडातून राहिलेल्या चिंधीची पट्टी कापून कमरेला लावून पाहिली, पुरेना. दुसरी म्हणाली, मनगटाला. तर ती मनगटाभोवती दोनदा फिरली. मी गळ्याभोवती लावून पाहिली, तर कॉलरवर कॉलर झाली. आमच्यातली एक आगाऊ पोर म्हणाली, “मडमेच्या कुत्र्याचा पट्टा असंल.” आम्ही खदखदलो. चाची मात्र विचारात पडली आणि म्हणाली, “कुत्रं व्हतं खरं तिला. पर त्याची मान बारीक व्हती, खलिफा सांगत व्हते.”

तिची ही पद्धत मला कधीच समजली नाही. थट्टा आणि खरं यांच्यामध्ये इतरांच्या मनात जे कुंपण असतं, ते तिच्याकडं नव्हतंच.

खलिफाला पत्रं लिहायचं काम माझ्याकडं आलं होतं. चाची सांगायची, मी लिहायची. पाऊस कसा झाला, कोंबडी बसवली, कुणाचं लग्न ठरलं. पहिल्याच पत्राला मी सुचवलं, “चाची, पट्टीचं इचारू का?”

“नगं.”

“आवं, पर एका ओळीत कळंल. कवापासनं अडून बसलायसा.”

“आल्यावर सांगतो म्हनलेत न्हवं? मग पत्रात कशाला?”

मला तिचा रागच आला. माणूस अडलेलं असताना विचारायचं नाही, हा कुठला शहाणपणा? पुढं दोनदा मी न विचारता ती ओळ लिहायला गेले, तर अक्षरओळख नसलेल्या चाचीला माझ्या तोंडावरून कळलं. तिनं टाक काढून घेतला. काही महिने तिकडून खुशालीची कार्डं येत राहिली, मग ती थांबली. गेल्याची बातमी आली नाही, असल्याचीही नाही. आम्ही पत्रं लिहीत राहिलो आणि पट्टीचं विचारायचं नाही हा नियम तसाच राहिला.

माझं लग्न सांगलीच्या त्याच स्थळाशी झालं. लग्नातला झंपर चाचीनं शिवला. एक खांदा वर, दुसरा खाली. सासूबाईंनी दृष्ट काढताना मला दोनदा सरळ उभं राहायला सांगितलं.

लढाई संपली तशी आमच्याकडची माणसं परत यायला लागली. सातारा जिल्ह्यात घराआड एक माणूस पलटणीत, त्यामुळं रोज कुणाच्या तरी दारात ट्रंक उतरत होती. मी माहेरी आले होते तेव्हा चाचीचं एक नवं वेड पाहिलं. परत आलेला गडी रस्त्यात भेटला की ती त्याला थांबवायची आणि त्याच्या खाकी शर्टाचा काठ उलटून शिवण बघायची. खलिफाच्या हाताची टीप ती शंभरांत ओळखली असती. पोरं बिचारी ओशाळायची.

“आवं चाची, ह्ये काय?”

“गप ऱ्हा.” मग काठ खाली सोडायची. “ह्यो हात त्यांचा न्हाई.”

एकदा एका सुभेदाराच्या बाहीचा काठ तिनं हातात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. सुभेदार जाणता माणूस, तो उन्हात तसाच उभा राहिला. शेवटी तिनं बाही सोडली आणि काही न बोलता घरी गेली. तो हात त्यांचा होता का, हे तिला विचारायची माझी छाती झाली नाही. विचारायला हवं होतं की नको होतं, तेही मला समजत नाही.

सांगलीत आमच्या शेजारी मुलींच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या एक मिस राहायच्या. एकदा मी त्यांच्याकडं विरजण मागायला गेले तर त्यांनी चटईवर कापड पसरलेलं, आणि त्यावर तेच ते तपकिरी, भोकांचे कागद! मला इतका आनंद झाला की मी विरजणाचं भांडं घेऊन तिथंच बसले. त्यांच्या लिफाफ्यात छापील माहितीचा कागदही शाबूत होता. आणि पट्टीही होती.

मी श्वास रोखून बघत राहिले. मिसनी झंपराच्या पुढच्या काठावर पट्टी ठेवली, प्रत्येक भोकातून खडूची टिकली उमटवली, पट्टी उचलली आणि लिफाफ्यात ठेवून दिली.

“ही कापायची नाही?” मी विचारलं.

“छे हो. ही शिवायची नसतेच. काजं आणि बटणं सारख्या अंतरावर यावीत म्हणून नुसत्या खुणा करायच्या. खुणा झाल्या की हिचं काम संपलं.”

इतकं साधं. आज वाटतं, त्यात न सुचण्यासारखं काय होतं? पण चाचीच्या घरात एकदा बसलं की ‘कागद हाय तर कापड हाय’ यापलीकडं डोकं जायचंच नाही. चाची काजं नजरेनं करायची, बटणं नजरेनं लावायची, म्हणून बाई बटणं लावून उभी राहिली की एक खांदा वर जायचा. सगळ्या गावातल्या बायका उगीच बोलणी खात होत्या.

पुढच्या दिवाळीला मी कोरेगावला आले ती उड्या मारतच. चाची ओसरीवर बसली होती. माझाच झंपर शिवत होती, भाऊबिजेचा; काजं-बटणं आणि दुमड तेवढी राहिली होती. मी हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले आणि आत जाऊन शिंक्यातून लिफाफा काढला.

“चाची, पट्टीचं कळलं.”

ती वर बघेना. “कुनी सांगितलं?”

मी मिसचं सांगितलं. ती मान हलवत राहिली. “असं नसतंय. कागद हाय तर कापड हाय.”

“न्हाई चाची. हिचं कापडच न्हाई. ठेवायची, खुणा करायच्या, उचलायची.”

“आन् मग जोडायचं काय?”

“काय बी न्हाई. झंपर तेवढाच. पयल्यापासनं पुराच व्हता.”

तिनं पट्टी माझ्या हातातून घेतली. डोळे मिटून भोकांवरून बोट फिरवलं, आम्हाला शिकवायची तसं. मग झंपराच्या पुढच्या काठावर पट्टी ठेवून खडूनं टिकल्या केल्या. काजं केली, बटणं लावली.  दुपार कलली. शेवटी बटणं लावून तिनं झंपर दोन्ही खांद्यांना धरून उंच केला. दोन्ही खांदे एका रेषेत होते.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. चाचीचा चेहरा पाहून हात तिथंच राहिले. तिला आनंद झाला होता की कुणी तिला मारलं होतं, काही कळेना.

“इतकंच व्हतं?” ती म्हणाली.

“इतकंच.”

“आठ रोज माझ्याफुडं कागद मांडून बसले. ह्ये ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का? किती येळ लागला असता?” ती माझ्याकडं बघून एकाएकी हसली, तोंडाला पदर लावून, नव्या नवरीसारखी. “आगं, त्यास्नी बी ठाऊक नव्हतं! उस्ताद ना मोठे. चार लोकांत ‘न्हाई ठाऊक’ कसं म्हनायचं? म्हनून म्हनले, आल्यावर सांगतो.”

मीही हसले. हसता हसता पाहिलं तर तिचं हसणं थांबलेलं होतं. ती पट्टीची घडी घालत होती.

“सांगायचं मिटलं बग,” ती म्हणाली. “आता नुसतं यायचंच ऱ्हायलं त्यांचं.”

 तिला धीर द्यावा तर कसला, आणि मी आनंदाची गोष्ट घेऊन आले होते ती कुठं गेली, काही समजेना.  तिनं सुईत दोरा ओवला, झंपराची दुमड घालायला घेतली. मी बाजूला बसून राहिले. काम झाल्यावर तिनं दोरा दातानं तोडला, झंपर माझ्या मांडीवर ठेवला आणि लिफाफा शिंक्यात न टांगता कोनाड्यात टाकला. शिंक्यात तिनं दह्याचं गाडगं ठेवलं.

मी घरी आले. आईनं झंपर हातात घेतला, खांदे पाहिले आणि “आज काय नवल!” म्हणाली. मग सवयीनं सुई घेतली, दोरा ओवला आणि खालचा काठ उलटा करून राहिलेली चार बोटं शोधायला लागली. एकदा गोल फिरवून झालं. पुन्हा एकदा फिरवलं.

“अगं, कुठं ठेवलंय उघडं?”

 मला रडू आवरत नव्हतं. आई ओवलेली सुई हातात घेऊन तो काठ फिरवतच राहिली.